दुकानातला जुना पीसी, मालकांचा नवा लॅपटॉप, आणि ओपनव्हीपीएन : कुठलं कशावर चालतं?

पट्टीवाले_दिवाणजी, सांगली · सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. एकोणतीस वर्षं झाली. कॉम्प्युटर शिकलो नाही, गळ्यात पडला म्हणून येतो. तेव्हा नव्या शेतकऱ्याला पट्टी समजावून सांगतात तसं सांगा, इंजिनियरला सांगतात तसं नको.

प्रकरण असं. आमचं गोदाम कुपवाड एमआयडीसीत आहे. २०१९ च्या पुरात गावभागातलं माझं घर पाण्यात गेलं, तेव्हापासून मालकांनी ठरवलं की हिशेबाचं जे काही असेल ते उंचावर. म्हणून मुख्य कॉम्प्युटर कुपवाडला. मालकांच्या भाच्यानं त्यावर डेबियन १२ (लायनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि ओपनव्हीपीएनचा, म्हणजे लांबची मशीनं इंटरनेटमधून खासगी वाटेनं जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा, सर्व्हर बसवला. म्हणजे दुकानातून मी, आणि पुण्यातून मालक, दोघांनाही गोदामाचा स्टॉक बघता येईल. भाचा बेंगळुरूला नोकरीला गेला. जाताना एक पेनड्राइव्ह आणि वहीच्या कागदावर तीन ओळी ठेवून गेला : इन्स्टॉल करा, फाइल टाका, कनेक्ट दाबा. तीन ओळींत मी गेले पंधरा दिवस अडकलोय.

एक, दुकानातलं मशीन. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिट. पेनड्राइव्हवर ओपनव्हीपीएन २.४.१२ चे दोन इन्स्टॉलर होते, एकाच्या शेवटी विन ७, दुसऱ्याच्या शेवटी विन १०. सातापेक्षा दहा बरा म्हणून मी दहाचा टाकला. इन्स्टॉल झाला. पण कनेक्ट केलं की टॅप अडॅप्टर नाही म्हणतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळा त्रिकोण, आणि आत लिहिलंय कोड ५२.

दोन, मालकांचा लॅपटॉप. नवा, पातळ, विंडोज ११. वेबसाइटवरनं ६४ बिटवालं घेतलं. त्यांचंही ड्रायव्हरपाशी अडतं. ‘महागाचा लॅपटॉप घेऊन तुमच्या खटाऱ्याइतकाच उपयोग’ असं ऐकून घेतोय रोज.

तीन, मालकांचा अँड्रॉइड फोन. तिथं ओपनव्हीपीएन फॉर अँड्रॉइड टाकलं, तीच फाइल दिली. टॅप चालत नाही म्हणून सांगतो.

आणि कृपा करून ‘नवा पीसी घ्या’ हे पहिल्या ओळीत लिहू नका. या मशीनवर पट्टीचा प्रोग्रॅम आहे. १९९८ साली करून घेतलेला, डॉसचा, फॉक्सप्रोमधला. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम, आणि डॉट मॅट्रिक्सवर तीन कार्बन प्रती सटासट. सकाळी मशीन लावलं की एफ१ दाबायचं, मग प्रोग्रॅम तारीख विचारतो, ती मी हातानं टाकतो, की झालं. सौद्याच्या दिवशी शंभर-सव्वाशे पट्ट्या निघतात. त्याच्यावर इंटरनेटच्या साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची कुरकुर करतो, पण आपल्याला साइट उघडायच्या कशाला?

कुठल्या मशीनवर कुठलं चालतं, एवढंच सांगा.

नवंकोरं · सोमवार, रात्री ९.५२

काका, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चासुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा पीसी घ्या. विंडोज ११, ६४ बिट. प्रश्न मिटला.

पट्टीवाले_दिवाणजी · सोमवार, रात्री ९.५८

पहिल्या ओळीत नाही, तिसऱ्या ओळीत लिहिलंत. आभारी आहे.

मिरज_जंक्शन · सोमवार, रात्री ११.१५

दिवाणजी, मी मिरजेत मशीनं दुरुस्त करतो. तुमच्यासारखी निदान दहा-बारा मशीनं माझ्या हाताखाली आहेत, एक तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं आहे. तुम्ही पीसी बदलत नाही ते बरोबर करताय, आणि कारण तुम्ही सांगितलंत त्याहून पक्कं आहे. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, विंडोजनं तो भागच त्यातून काढलाय. तुमचा जुना डॉसचा फॉक्सप्रो ३२ बिट विंडोजवरच सरळ उघडतो. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये मिळतच नाही. डॉसबॉक्ससारखी सोंगं करून चालवता येतो, पण त्यातून पॅरलल पोर्टच्या प्रिंटरवर तीन प्रती काढताना जो तमाशा होतो तो मी पाहिलाय.

आता कोड ५२. हा तुमच्या मशीनच्या वयाचा दोष नाही. तुम्ही दहाचा टाकलात तिथं चुकलं.

व्हीपीएनचा क्लायंट म्हणजे एक वस्तू नाही, दोन आहेत. एक प्रोग्रॅम, ज्याची खिडकी तुम्हाला दिसते. दुसरा ड्रायव्हर, जो विंडोजच्या पोटात एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतो. तुमचं टॅप अडॅप्टर ते हेच. प्रोग्रॅम हा बाहेरगावचा व्यापारी समजा, यार्डात कुणीही येऊन हिंडू शकतो. पण सौद्यात बोली लावायची तर लायसन लागतं. ड्रायव्हरचं लायसन म्हणजे त्याच्यावरची डिजिटल सही. विंडोज १० साठीच्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची ज्या पद्धतीची सही असते ती विंडोज ७ मानत नाही. म्हणून तर २.४ च्या शेवटच्या आवृत्त्यांत त्यांना दोन वेगळे इन्स्टॉलर काढावे लागले. भाच्यानं दोन्ही दिले होते, शहाणा पोरगा आहे, फक्त चौथी ओळ लिहायला पाहिजे होती.

तर दहाचा काढून टाका, मशीन पुन्हा सुरू करा, सातचा टाका. त्याआधी कंट्रोल पॅनेलमध्ये इन्स्टॉल झालेल्या अपडेटच्या यादीत केबी ३०३३९२९ आहे का बघा. मार्च २०१५ चं अपडेट आहे, सर्व्हिस पॅक १ वर बसतं. ते नसेल तर विंडोज ७ ला शा-२ या नव्या पद्धतीची सही वाचताच येत नाही, आणि बरोबर इन्स्टॉलर टाकूनही तोच पिवळा त्रिकोण दिसेल.

बाकी आवृत्त्यांचं गणित असं. ओपनव्हीपीएन २००१ पासून चालत आलंय, तेव्हा एक्सपी नवा होता. एक्सपीला धरून ठेवणारी शेवटची मालिका २.३. २.४ नं एक्सपी सोडला. २.५ पासून इन्स्टॉलर एमएसआय (विंडोजच्या इन्स्टॉलरचा एक प्रकार) झाला आणि ३२ बिट, ६४ बिट, एआरएम असे तीन वेगळे निघायला लागले. २.४ ला आता कुणी दुरुस्त्या देत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. चालेल, पण त्याच्यावर झोप लागेल असं नाही. त्यावर नंतर बोलू.

लायनक्सला हे ड्रायव्हरचं लचांडच नाही. तिथं असं खोटं कार्ड बनवणारं ट्युन-टॅप कर्नलमध्येच, म्हणजे लायनक्सच्या गाभ्यातच, असतं. पण जुन्या मशीनवर लायनक्स टाकीन म्हटलं तरी ३२ बिटवाल्यांची वाट अरुंद झालीय. उबुंटूनं ३२ बिटची डेस्कटॉप सीडी १७.१० पासून बंद केली, डेबियननं १३ मध्ये इन्स्टॉलर काढून टाकला. १२ पर्यंत आहे. तुमचं कोअर टू मात्र मुळात ६४ बिटचंच आहे, त्याच्यावर विंडोज तेवढा ३२ बिटचा बसवलाय. हा फरक लोक विसरतात आणि चांगली मशीनं भंगारात घालतात.

अनघा_पुणे · मंगळवार, सकाळी ८.०५

लॅपटॉपचं मी सांगते, कारण आमच्या ऑफिसात हेच झालं. दिवाणजी, मालकांना विचारा की लॅपटॉपवर प्रोसेसरचा स्टिकर कुठला आहे. इंटेल किंवा एएमडी नसून स्नॅपड्रॅगन असेल तर तो एआरएमचा लॅपटॉप आहे, फोनच्या जातीचा. त्यावर विंडोज ११ साधे ६४ बिटचे प्रोग्रॅम दुभाषा लावून चालवतं, म्हणून सगळं चालतंय असं वाटतं. पण ड्रायव्हरला दुभाषा नसतो. तो त्याच जातीचा लागतो. म्हणून ओपनव्हीपीएनचा एआरएम ६४ लिहिलेला एमएसआय वेगळा घ्यायला हवा. डाउनलोडच्या पानावर तो बाकीच्यांसोबतच आहे, लोकांची नजर जात नाही.

फोनचं दुखणं वेगळं आहे, ते फोनचं नाहीच. भाच्याच्या फाइलमध्ये नोटपॅडमधून बघा, ‘डेव्ह टॅप’ अशी ओळ असणार. टॅप म्हणजे दोन्हीकडची मशीनं जणू एकाच स्विचला लावली आहेत असं चित्र. ट्युन म्हणजे मधे राउटर आहे असं. अँड्रॉइडनं ४.० पासून ॲप्सना व्हीपीएन करायची सोय दिली, रूट न करता (फोनची बंधनं न तोडता), पण ती फक्त ट्युनची. आयफोनवरही तेच. तेव्हा तुम्ही ॲप बदलत बसलात तरी काही होणार नाही, सर्व्हरच ट्युनवर न्यायला हवा.

भाच्यानं टॅप का घेतलं असेल तेही कळतं. टॅपवर विंडोजच्या नेटवर्कमध्ये समोरचा पीसी आपोआप दिसतो. ट्युनवर दिसत नाही, पत्ता हातानं लिहावा लागतो. एवढ्या सोयीसाठी फोन गेला.

पट्टीवाले_दिवाणजी · मंगळवार, संध्याकाळी ७.३०

अनघाताई, मालकांचा स्टिकर स्नॅपड्रॅगनचाच निघाला. एआरएमवाला टाकला आणि पहिल्या झटक्यात हिरवं झालं. आता माझ्या मशीनला नावं ठेवायला त्यांना आणखी सवड मिळाली.

‘डेव्ह टॅप’ ओळ आहे. भाच्याला कळवतो.

मिरजकर, केबी ३०३३९२९ यादीत होतं. सातचा टाकला. पिवळा त्रिकोण गेला! मी खुर्चीतनं उठून हमालांना चहा सांगितला. चहा येईस्तोवर कनेक्ट दाबलं, आणि नवीन फुटाणा. कागदावर उतरवून घेतलंय, मराठीतच लिहितो :

थर्सडे, जानेवारी ०१, ००:२१:०८, २००९ : व्हेरिफाय एरर, डेप्थ १, सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड.

त्याच्या खाली टीएलएस हँडशेक फेल्ड. मग परत पहिल्यापासून. दर वेळेला तेच.

भाच्यानं सर्टिफिकेट चुकीचं दिलं का? मालकांचं तर त्याच सर्व्हरवर चालतंय. की हे मशीनच आता या कामाला पुरत नाही?

वायरगार्ड_जिंदाबाद · मंगळवार, रात्री ८.१०

सर्टिफिकेटच्या भानगडी हव्यात कशाला! वायरगार्ड घाला, तोही व्हीपीएनच. तिथं सर्टिफिकेट नसतंच, दोन्हीकडे एकेक किल्ली, बस्स. साधारण चार हजार ओळींचा कोड, मार्च २०२० पासून लायनक्स कर्नल ५.६ मध्ये आतच आहे. डेबियन १२ वर तर कर्नलमध्ये वेगळं काही टाकायचीही गरज नाही. ओपनव्हीपीएन म्हणजे जुनी बैलगाडी.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ८.४४

दिवाणजी, एक विचारू? १ जानेवारी २००९ च्या रात्री बारा वाजून एकवीस मिनिटांनी तुम्ही दुकानात काय करत होता?

पट्टीवाले_दिवाणजी · मंगळवार, रात्री ८.५०

कुठं, आज सकाळी दहाच्या सुमारास केलं. तेव्हा मी... अरे.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ९.०२

हो. मशीनचं घड्याळ २००९ मध्ये आहे. भाच्यानं सर्टिफिकेट, म्हणजे व्हीपीएनचं ओळखपत्र, अलीकडेच केलेलं असणार, मशीनच्या मते ते अजून जन्मालाच आलेलं नाही. ‘नॉट येट व्हॅलिड’ म्हणजे तेच.

तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये तीन वेळा सांगितलंत, आम्हीच वाचलं नाही. सकाळी एफ१ दाबावं लागतं, ते मशीन ‘माझं घड्याळ गेलंय’ म्हणून थांबतं म्हणून. साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची कुरकुर, तेही त्याचमुळे. आणि पट्टीवर तारीख तुम्ही हातानं टाकता, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ कधी बघितलंत?

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीज बंद असताना तो घड्याळ चालवतो. तुमचा मेलाय. संध्याकाळी दुकान बंद करताना मेन स्विच पाडता ना?

पट्टीवाले_दिवाणजी · मंगळवार, रात्री ९.१०

रोज. मालकांच्या वडिलांपासूनचा नियम आहे. पण विंडोज इंटरनेटवरून वेळ आपली आपण घेत नाही का? माझा मुलगा म्हणतो घेतं.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ९.२१

घेतं, पण घरगुती पद्धतीनं लावलेलं विंडोज ७ आठवड्यातून एकदा विचारतं, आणि फरक पंधरा तासांपेक्षा जास्त निघाला तर ‘ही काहीतरी गडबड आहे’ म्हणून दुरुस्त करायचं नाकारतं. तुमचा फरक काही वर्षांचा आहे.

मिरज_जंक्शन · मंगळवार, रात्री १०.३०

रात्रपाळी, सलाम. पंचवीस वर्षं हे काम करतोय आणि कोड ५२ बघून मी तिथंच रमलो. एफ१ माझ्या नजरेतून सुटला याची लाज वाटते.

वायरगार्डवाल्यांना मात्र एक सांगायला हवं, कारण पुढे कुणीतरी हे वाचून फसेल. ‘सर्टिफिकेट नाही म्हणजे घड्याळाची पर्वा नाही’ हे खोटं आहे. वायरगार्ड हस्तांदोलनाच्या पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का घालतं, आणि समोरचा त्या किल्लीकडून आलेला सगळ्यात अलीकडचा शिक्का लक्षात ठेवतो. त्याच्या आधीचा आला की जुना निरोप कुणीतरी परत पाठवतोय असं समजून गपगुमान फेकून देतो. तुमचं घड्याळ दुपारी बरोबर असलं, एकदा जोडणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी २००९ ला गेलं, तर वायरगार्ड जोडणार नाही. आणि वाईट म्हणजे चूक कुठली तेही सांगणार नाही. ओपनव्हीपीएननं निदान बोंब तरी मारली. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांना हा अनुभव आहे, चौथ्या मॉडेलपर्यंत त्यात घड्याळच नव्हतं. पाचव्यात आलं, पण सेल वेगळा लावावा लागतो.

तरीही वायरगार्ड वाईट नाही, मी स्वतः वापरतो. यूडीपी आणि टीसीपी या इंटरनेटवर निरोप पाठवायच्या दोन पद्धती. ते फक्त यूडीपीवर चालतं, ओपनव्हीपीएन गरज पडली तर टीसीपीवरही नेता येतं, एवढा फरक ध्यानात ठेवायचा.

दिवाणजी, ‘मशीन पुरत नाही का’ हा तुमचा प्रश्न राहिला. पुरतं. प्रोसेसरमध्ये एईएस नावाच्या कुलपाच्या (एन्क्रिप्शनच्या) खास सूचना इंटेलनं २०१० च्या वेस्टमिअर पिढीपासून आणल्या, त्याही सगळ्या स्वस्त मॉडेलांत नव्हत्या. तुमच्या कोअर टूमध्ये त्या नाहीत, म्हणजे कुलूप लावणं-काढणं तो हातानं करतो. स्टॉकची एक शीट उघडायला तेवढं भरपूर आहे. अशा प्रोसेसरवर चाचा २० हे कुलूप हलकं पडतं, वायरगार्ड तेच वापरतं, ओपनव्हीपीएनमध्ये ते २.५ पासून आलं. तुमच्या २.४ ला मिळणार नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

पट्टीवाले_दिवाणजी · गुरुवार, रात्री ८.१५

सगळं सांगतो, क्रमानं.

काल बाजाराला सुट्टी नव्हती म्हणून सेल बदलायला दुपारचे चार झाले. कॅबिनेट उघडलं तर आत हळद. खरंच सांगतो, बोटाचं पेर बुडेल एवढा पिवळा थर, पंख्याच्या पात्यावर तर मखमल चढल्यासारखी. ब्रशनं झाडलं. हमाल म्हणाला, दिवाणजी, याचंबी वजन करून पट्टी काढा. सेल निघता निघेना, खालच्या पत्र्याला हिरवट गंज चढलेला. यार्डाबाहेरच्या घड्याळवाल्याकडं नवा मिळाला, वडापावाएवढ्या पैशात. बसवला, तारीख लावली, मेन स्विच पाडून परत लावला. एफ१ मागितलाच नाही. मी मात्र सवयीनं दाबला.

कनेक्ट केलं. हिरवं.

नेटवर्कमध्ये गोदामाचा पीसी दिसला, फोल्डर उघडलं, राजापुरी हळदीचा स्टॉक समोर. मालकांना फोन लावून सांगितलं. ते म्हणाले, मग पंधरा दिवस काय करत होता? यावर मी काही बोललो नाही.

भाच्याचाही फोन आला. ट्युनवर नेतो म्हणाला, पण बेंगळुरूतनं नाही. सर्व्हरची फाइल लांबून बदलायची आणि चूक झाली तर तो स्वतःच बाहेर अडकेल आणि आम्ही दोघंही. सुट्टीला येईल तेव्हा कुपवाडला बसून करणार. आमच्या दोघांच्या फाइलीही त्याच वेळेला बदलाव्या लागतील म्हणाला. तोवर मालकांचा फोन राहू दे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मालकांना कुणीतरी सांगितलंय की व्हीपीएनवर सरकारनं बंदी घातलीय. आणि मिरजकर, तुम्ही म्हणाला होता झोपेचं बघू.

अनघा_पुणे · गुरुवार, रात्री ८.४०

बंदी नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला, त्यात लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची असं होतं. त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, तीच बातमी फिरत फिरत ‘बंदी’ झाली. एखाद्या आस्थापनेनं आपल्याच माणसांसाठी चालवलेला व्हीपीएन त्यात येत नाही, हे त्यांनी नंतर स्पष्टही केलं होतं. दुकानातून आपल्याच गोदामात डोकावणं म्हणजे तेच.

मिरज_जंक्शन · गुरुवार, रात्री ९.५०

कॅबिनेटमध्ये हळद! आमच्या वजनकाट्याच्या मशीनमध्ये उसाचं पाचट निघतं. ज्याचं त्याचं पीक.

झोपेचं असं. विंडोज ७, त्यावर दुरुस्त्या बंद झालेला क्लायंट, आणि ते मशीन आता थेट गोदामाच्या नेटवर्कात. त्याला काही लागण झाली तर टॅपमुळे ती सरळ कुपवाडला पोचेल, मधे राउटरही नाही. म्हणून पुढच्या पायरीला त्या मशीनला व्हीपीएन कळूच देऊ नका. दुकानाच्या राउटरनंच तो जोडायचा. पट्टीचं मशीन नुसतं केबलनं राउटरला, आणि राउटरमध्ये नियम की हे मशीन फक्त कुपवाडच्या एका पत्त्याशी बोलेल, बाकी इंटरनेट बंद. मग तुमचा विंडोज ७ अजून दहा वर्षं पट्ट्या काढत बसला तरी माझी हरकत नाही.

त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची लायनक्सची प्रणाली) चालणारा राउटर लागेल. इथंही जुळतंय का ते आधी बघायचं. घरी पडलेला स्वस्तातला जुना राउटर उचलू नका. चार एमबी फ्लॅश आणि बत्तीस एमबी रॅमवाल्यांना त्यांनी १९.०७ नंतर सोडून दिलंय. आठ आणि चौसष्टवरही ओपनव्हीपीएन कोंबताना जीव जातो. सोळा एमबी फ्लॅश आणि एकशे अठ्ठावीस रॅम असेल तर निवांत. विकत घ्यायच्या आधी त्यांच्या हार्डवेअरच्या तक्त्यात मॉडेलचं नाव बघा, आणि खोक्यावरचा व्हर्जन नंबरसुद्धा. एकाच नावाच्या दोन व्हर्जनमध्ये आत वेगळीच चिप असते, आणि दुकानदाराला त्यातलं काही माहीत नसतं. भाचा ट्युन करायला येईल तेव्हाच हे उरकून घ्या. ट्युन झालं की नेटवर्कमध्ये गोदामाचा पीसी दिसायचा बंद होईल, तेव्हा घाबरून इथं लिहू नका. दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढं त्याचा आयपी पत्ता, असं लिहिलं की उघडतो. डेस्कटॉपवर शॉर्टकट करून ठेवा.

पट्टीवाले_दिवाणजी · शुक्रवार, रात्री ८.०५

राउटरचं भाच्याला तुमच्याच शब्दांत पाठवलं. ‘सोळा-एकशे अठ्ठावीस’ हे मी दुकानातल्या पाटीवर खडूनं लिहून ठेवलंय, भावाच्या खाली. दोन शेतकऱ्यांनी विचारलं हा कुठल्या मालाचा दर.

आज संध्याकाळी सात वाजता मालकांनी पुण्यातनं पहिल्यांदाच स्वतः स्टॉक उघडला. साडेसातला फोन. म्हणाले, दिवाणजी, शीटमध्ये राजापुरीची एकशे एकवीस पोती आणि तुमच्या पट्ट्यांची बेरीज एकशे बारा, नऊ कुठं गेली?

गोदामाला फोन लावला, मोजून घेतली. एकशे बाराच आहेत. शीटमध्ये एकशे एकवीस लिहिणारा मीच, परवा, हिरवं झाल्याच्या आनंदात.